माझा पंख मोडलेला नव्हता

मी बोलतोय तो एका पोलादी कपाटाच्या खणातून. इथे अंधार आहे, डांबरगोळ्यांचा वास आहे आणि माझ्या पोटात कापूस भरलेला आहे. त्यामुळे आवाज जरा घुसमटलेला वाटला तर सांभाळून घ्या. मी एक चिखल्या. ओल्या वाळूवर तुरुतुरु धावायचं, मध्येच थबकायचं आणि पुन्हा धावायचं, असा मुठीत मावेल एवढा पक्षी तुम्ही समुद्रकाठी कधीतरी पाहिला असेल. मी तसलाच. तसलाच, पण तोच नव्हे. हा एवढासा फरक माणसांच्या ध्यानात यायला एक मुलगी म्हातारी व्हावी लागली. सांगायची आहे ती खरं तर तिचीच गोष्ट. माझी तिच्या ओघात सांगून होईल.

माझा जन्म बेटावरचा. शिंपल्यांच्या चुऱ्यात अंग घासून केलेला एक खळगा, हे आमचं घर. त्याला ना काडी, ना कापूस, ना आडोसा. आमची अंडी खड्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची असतात आणि खड्यांतच पडलेली असतात. खुद्द आमच्या आईला ती दरवेळी कशी सापडायची याचं मला नवल वाटे. बेटावर झाड म्हणून नव्हतं. एका टोकाला लांबट बराकी होत्या. जहाजातून कुणी साथीचा आजार घेऊन आलं की त्याला शहरात न सोडता तिथे ठेवत. ती माणसं दिवसभर पाण्यापलीकडच्या शहराकडे बघत बसायची. आम्हालाही ते शहर दिसायचं, पण आम्हाला तिकडे जावंसं कधी वाटलं नाही.

थंडीत साध्या चिखल्यांचे थवे यायचे. आमच्यात मिसळून चरायचे, आमच्याशी भांडायचे, उन्हाळा लागला की लांब कुठेतरी निघून जायचे. आम्ही मागे राहायचो. आमची चोच त्यांच्यापेक्षा जाड, कारण त्या बेटावरच्या गोगलगाईंची कवचं भलती टणक. आमचा गळपट्टा पुढून उघडा. बाकी आम्ही दिसायला त्यांचे चुलतभाऊच, त्यामुळे कुणी आमच्याकडे निरखून बघितलं नाही. बघायला आलेला माणूसही ‘हा काय, साधा चिखल्या’ म्हणून पुढचं काहीतरी बघायला लागायचा.

माझ्या पहिल्या घरट्याच्या वेळची गोष्ट. जोडीदारीण पाण्याच्या कडेला चरायला गेली होती आणि अंडी माझ्या पोटाखाली होती. लांबून शिंपले चुरडल्याचा आवाज आला. एक उंच माणूस आणि त्याचं बोट धरलेली एक लहान मुलगी सरळ माझ्याच दिशेने येत होती. तो बंदराचा डॉक्टर. बराकींतले आजारी तपासायला तो बोटीने यायचा. त्याला पक्षी मारून त्यांत पेंढा भरायचा नाद होता, म्हणून खांद्यावर छऱ्याची बंदूक असायची. त्याची बायको नुकतीच वारली होती. घरी मुलीजवळ कुणी नव्हतं, म्हणून तो तिला जिथे तिथे बरोबर नेत असे. हे सगळं मला नंतर कळलं. त्या घटकेला मला फक्त चार पाय दिसत होते आणि ते अंड्यांकडे येत होते.

अशा वेळी काय करायचं ते आम्हाला कुणी शिकवत नाही, आपोआप येतं. मी हळूच खळग्यातून निघालो, थोडा पळालो आणि त्यांच्या समोर जाऊन धडपडलो. एक पंख पसरून वाळूवर ओढत नेला. केविलवाणा ओरडलो. कोलमडलो, उठलो, पुन्हा कोलमडलो. शिकारी मागे लागला पाहिजे, पुरेसा लांब आला पाहिजे, मग आपण भुर्रकन उडून जायचं, असा तो खेळ असतो.

मुलीने मला आधी पाहिलं. ती म्हणाली, “बाबा, त्याचा पंख मोडलाय. तुम्ही बरा करा ना.”

डॉक्टर माझ्या मागे आला. मला बरं वाटलं. घरट्यापासून आम्ही बरेच लांब आलो होतो. अजून थोडं अंतर, की मी उडणार होतो. डॉक्टर थांबला, माझ्या लोंबणाऱ्या पंखाकडे बघत राहिला आणि मुलीला म्हणाला, “असा मोडलेला पंख जुळत नाही, बाळा. बराकीतली मांजरं याला जिवंतपणी फाडून खातील. तू तिकडे समुद्राकडे तोंड कर बघू.”

तिने तोंड फिरवलं. त्याने बंदूक उचलली.

माझं सोंग इतकं बेमालूम वठलं होतं. बंदूक हौसेची असली तरी तो बार दयेचा होता, एवढं मी त्या माणसाच्या बाजूने सांगेन.

पुढचा जन्म म्हणावा असं जे काही आहे ते त्याच्या जेवणाच्या टेबलावर झालं. वर्तमानपत्र अंथरून, बारीक सुरी घेऊन त्याने माझं कातडं सोडवलं. मुलगी हनुवटी टेबलाला टेकवून बघत होती. डॉक्टरने सवयीने माझ्या पंखांची हाडं चाचपली. एक पंख चाचपला, दुसरा चाचपला, पुन्हा पहिला चाचपला. मग सुरी खाली ठेवली आणि हात गुडघ्यावर घेऊन बसून राहिला.

“दोन्ही धड आहेत,” तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही, पण मुलीने ऐकलं.

त्यानंतर त्या माणसाने बंदूक हातात घेतली नाही. मला मात्र त्याने जीव ओतून भरलं. कापूस असा ठासला की छातीचा गोल जराही बिघडला नाही. पायांत तार घालून मला धावण्याच्या बेतात उभं केलं. डोळ्यांसाठी त्याच्याकडे एका मापाचे मणी नव्हते, म्हणून माझा डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा आहे. त्यामुळे माझ्या चेहऱ्यावर कायम काहीतरी आत्ताच ऐकल्यासारखा भाव असतो.

त्या मुलीला घरात टिटवी म्हणत. आई होती तोवर ती अखंड बडबडायची, म्हणून ते नाव पडलं होतं. आई गेली आणि तिचं बोलणं आटलं. हाक मारायला नाव तेवढं राहिलं. बाप-लेक जेवताना समोरासमोर बसत आणि मीठ इकडे दे, पाणी तिकडे दे, यापलीकडे शब्द निघत नसे. एकमेकांवर माया नव्हती असं नाही. पण मायेला तोंड फोडायचं कुणी, असा प्रश्न होता.

टिटवी माझ्याशी मात्र बोलायची. मी तिच्या अभ्यासाच्या टेबलावर असायचो. शाळेतून आली की दप्तर टाकायची, माझ्या अंगावरची धूळ फुंकायची आणि सुरू व्हायची. वर्गात कोण कुणाला काय म्हणालं, बाई कशी उगाच रागावली, आईच्या कपाटाची किल्ली बाबांनी कुठे ठेवली असेल. माणसांना ऐकणारा हवा असतो, उत्तर देणाऱ्याची तेवढी गरज नसते, हे मी त्या टेबलावर शिकलो. उत्तर माझ्याकडे होतंही. तिला आणि तिच्या बापाला सांगायचं होतं की माझा पंख मोडलेला नव्हता, कधीच नव्हता, मी फक्त माझी अंडी वाचवत होतो. पण कापसातून शब्द निघत नाहीत.

डॉक्टरला ती गोष्ट आयुष्यभर सलली. बेट पुढे ओस पडलं, बराकींना कुलपं लागली, त्याची दवाखान्यात बदली झाली, तरी कुणी त्याच्या निदानाचं कौतुक केलं की तो माझ्याकडे एकदा बघायचा आणि विषय बदलायचा. टिटवी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली. कानाला यंत्र लावून दिवसभर ती या गावच्या माणसाला त्या गावच्या माणसाशी जोडून द्यायची. कुणाचं बारसं, कुणाचं मरण, कुणाचा रुसवा, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. संध्याकाळी घरी आली की घर पुन्हा गप्प. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे तिने मलाही सांगितलं नाही, आणि मला तर ती सगळं सांगायची.

एके दिवशी डॉक्टर खुर्चीत बसल्या बसल्या गेला. घर सरकारी होतं, ते सोडावं लागलं. टिटवीला नोकरदार बायकांच्या वसतिगृहात एक खोली मिळाली. तिथली व्यवस्थापिका कडक होती. मेलेले पक्षी आत आणायचे नाहीत, खोलीत किडे होतात, असं तिने बजावलं. टिटवीने डॉक्टरचे सगळे पक्षी कॉलेजला देऊन टाकले. मला तिने शेवटी दिलं. दारापर्यंत गेली, परत आली, रुमालाने माझी चोच पुसली आणि निघून गेली.

कॉलेजातल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथल्या सुताराने सगळ्या पक्ष्यांना एकसारख्या फळ्या बसवल्या आणि डॉक्टरने माझ्या जुन्या फळीखाली जे काही लिहिलं होतं ते भंगारात गेलं. आता मी कुठला, कुणाचा, काहीच उरलं नाही. प्राध्यापक दरवर्षी मला उचलून दाखवत. “हा साधा चिखल्या. पिल्लू असावं, म्हणून गळपट्टा अर्धवट आहे.” मुलं माना डोलवत. कुणीतरी माझ्या चोचीत सिगारेटचं थोटूक खोचलं होतं, ते बरेच दिवस तसंच होतं. शेवटी मुलं-मुली माझ्या कपाटाआड फक्त एकमेकांना भेटायला उभी राहू लागली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नसायचं, पण माझं असायचं. कुजबुज का होईना, आवाज होता.

पुढे प्रयोगशाळेत नव्या वस्तू आल्या आणि आम्हा जुन्यांना खोक्यांत भरून संग्रहालयाकडे पाठवलं. तिथे तळघर होतं. तळघरात काय होतं ते विचारू नका, कारण काहीच होत नव्हतं. माणूस आजारी पडला तर निदान कुणी विचारतं. मी खोक्यात आडवा पडून होतो, तोंड पुठ्ठ्याकडे, आणि मी इथे आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. बेटावर मी एकटा कधी नव्हतो. टेबलावर टिटवी होती. एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या खोक्यात कळलं.

तिथून मला बाहेर काढलं ते भिंगवालीने. पक्षी विभागाची ती अभ्यासक. गळ्यात दोरीला भिंग लटकवलेलं असे, म्हणून मी तिला भिंगवाली म्हणतो. घरून फोन आला की ‘निघालेच’ म्हणायची आणि तासभर जागची हलायची नाही. चहा मागवायची आणि त्यावर झाकण ठेवून विसरायची. तिने मला साध्या चिखल्यांच्या रांगेत ठेवलं आणि पुढच्या खोक्याकडे वळली. मग पुन्हा मागे वळून बघितलं.

“हा त्यांच्यात पाव्हण्यासारखा दिसतोय,” ती स्वतःशीच म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला खरोखर बघितलं. तिने माझी चोच मोजली, बोटं मोजली, पंख उलगडून भिंगाखाली धरला. पिल्लू म्हणावं तर पिसांची टोकं झिजलेली. म्हणजे मी पुरता वाढलेला पक्षी होतो आणि माझा गळपट्टा अर्धवट नव्हता, तो तसाच असायचा होता. साध्या चिखल्याच्या पंखावर उडताना दिसणारी पांढरी रेघ असते, ती मला नव्हती. तिने माझ्या तळपायाचा तिळाएवढा तुकडा कापून डीएनए तपासायला पाठवला. पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. माझा मेळ कुणाशीच बसत नव्हता.

ती धावतच संचालकांना घेऊन आली. ते भले गृहस्थ होते, पण सावध. चष्मा वर करून त्यांनी मला न्याहाळलं. ते म्हणाले की वेगळा आहे हे खरं, मान्य. पण हा आला कुठून? वाट चुकून आलेला एखादा पक्षी असेल, कुणी खलाशाने जगाच्या दुसऱ्या टोकाहून आणलेला असेल. गाव नाही, ठिकाण नाही, आणि असा दुसरा कुणी पाहिलेला नाही. “हा जगात कुठेतरी होता, एवढंच आपण म्हणू शकतो. आणि आता नसेल.”

आता नसेल. हे शब्द ऐकून मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मी भरलेला असलो तरी आतून रिकामा झालो.

भिंगवालीने नाद सोडला नाही. कॉलेजातल्या जुन्या माणसांकडे चौकशी केली, तेव्हा एकाला आठवलं की ते पक्षी बंदराच्या डॉक्टरचे होते आणि त्याची मुलगी टेलिफोनमध्ये होती. तिने फोन लावला. टिटवीने पुढे हसत सांगितलं होतं, “जन्मभर लोकांना फोन जोडून दिले, पण मला कुणी करत नाही. म्हणून मी आधी म्हटलं, राँग नंबर.”

ती आली. पांढरे केस, हातात पिशवी, अंगावर शाल. दारातच थांबली. टेबलावर आम्ही बरेच पक्षी होतो. तिची नजर सगळ्यांवरून फिरत आली आणि माझ्या लहान-मोठ्या डोळ्यांवर अडकली. तिने पिशवी खाली ठेवली, जवळ येऊन माझ्या पाठीवरची धूळ फुंकली. मी तिथे लख्ख पुसलेला होतो, धूळ नव्हतीच. तरी फुंकली.

भिंगवालीने तिला खुर्ची दिली आणि विचारलं, हा कुठून आणला होता ते काही आठवतं का.

“आठवतं म्हणजे काय? मी तिथेच होते,” टिटवी म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. बेट, बराकी, शिंपल्यांचा किनारा, समुद्राकडे फिरवलेलं तोंड. “बाबांनी याला दया येऊन मारलं. घरी आल्यावर बघितलं तर दोन्ही पंख धड. शेवटपर्यंत म्हणायचे, मोडलेलं हाड कळत नाही तो कसला डॉक्टर.”

भिंगवाली पुढे सरसावली. “मावशी, तो चालत कसा होता? जमेल तसं करून दाखवा.”

टिटवी उठली. शालीतला एक हात तिने बाजूला पसरून खाली सोडला आणि त्या खोलीत, कपाटांच्या मधून, कोलमडत चार पावलं टाकली. म्हातारी बाई, पण काय हुबेहूब केलं तिने. मी स्वतःला बघत होतो.

भिंगवालीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, “मावशी, तुमच्या बाबांचं निदान चुकलं नव्हतं. त्यांना फसवलं होतं. जवळपास अंडी असली की हे पक्षी असंच करतात, जखमी असल्याचं सोंग. तो तुम्हाला अंड्यांपासून लांब नेत होता.”

टिटवीने माझ्या पंखावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “हे बाबांना कुणी सांगायला हवं होतं.”

हेच मला त्या टेबलावर सांगायचं होतं. सांगितलं गेलं, पण डॉक्टर गेल्यावर.

भिंगवालीच्या डोक्यात मात्र चक्रं फिरू लागली होती. सोंग होतं म्हणजे अंडी होती, आणि अंडी होती म्हणजे मी वाट चुकलेला पाव्हणा नव्हतो. बेट माझं घर होतं. ती बेटावर जायला निघाली तेव्हा टिटवीने हट्ट धरला की किनारा मी दाखवणार. मला मात्र त्यांनी नेलं नाही. बरोबरच होतं, समुद्राची हवा मला बाधली असती. दोघी गेल्या त्या दिवशी मी टेबलावर खिडकीकडे तोंड करून होतो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते.

परत आल्यावर टिटवी थेट माझ्यापाशी आली. चपलांत वाळू होती. खुर्ची ओढून बसली आणि लहानपणीसारखी बोलत सुटली.

“आहेत रे. थोडे आहेत, पण आहेत. तुझ्यासारखीच जाड चोच. एकाने माझ्यासमोर लोळणच घेतली, पंख ओढत, अगदी तस्साच. मी म्हटलं, नको रे बाबा, जाते मी, जाते. उलट्या पावली मागे आले. ही म्हणते, थांबा मावशी, फोटो घेऊ दे. मी म्हटलं, फोटो गेला खड्ड्यात, आधी मागे फिर.” ती हसली आणि हसता हसता तिने डोळ्यांना शाल लावली.

मला तिला पुष्कळ विचारायचं होतं. भरतीच्या वेळी पाणी अजून त्या काळ्या खडकापर्यंत येतं का. गोगलगाई आहेत का. माझी ती अंडी उबली की कुणी खाल्ली, हे तर तिला सांगताच आलं नसतं.

तुमच्यापैकी कुणी कधी अशा किनाऱ्यावर गेलात आणि तुमच्या पुढ्यात एखादा पक्षी पंख ओढत कोलमडू लागला, तर टिटवीने केलं तेवढंच करा. पायाखाली बघत आल्या वाटेने परत फिरा.

आनंदाच्या मागोमाग काळजी आली. बराकींच्या माणसांनी मागे सोडलेल्या मांजरांचा वंश बेटावर वाढला होता आणि आमची अर्धीअधिक पिल्लं त्यांच्या पोटात जात होती. त्यातच बंदर खात्याने बेटावर सहलीचं ठिकाण करायचं ठरवलं होतं. धक्का, छत्र्या, खाण्याच्या टपऱ्या, आणि सगळं नेमकं शिंपल्यांच्या किनाऱ्यावर. कारण तो भाग सपाट.

त्यावर सुनावणी होती. भिंगवालीने मला काचेच्या पेटीत घालून तिथे नेलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांची बशी, आणि बशीशेजारी मी. भिंगवालीने नकाशे दाखवले, फोटो दाखवले. लोक तिचं ऐकत होते आणि बिस्किटं खात होते. एका अधिकाऱ्याने हसून विचारलं की एवढ्याशा पक्ष्यासाठी एवढा मोठा प्रकल्प हलवायचा का.

टिटवी उठून उभी राहिली. एक्स्चेंजमधल्यासारखा तिचा आवाज स्वच्छ आणि सरळ होता.

“माझ्या वडिलांनी याला मारलं ते दया येऊन मारलं. त्याआधी ते थांबले होते, याच्याकडे नीट बघितलं होतं. तुम्ही तर तेवढंही बघितलेलं नाही.”

मग कुणी बिस्किटाला हात लावला नाही. अधिकारी उठून आला, पेटीवर वाकला आणि त्याने मला खरंच बघितलं. त्या सभेला बेटावर होडी नेणारा एक होडीवालाही आला होता. त्याचं पोट सहलींवर चालायचं, म्हणून तो आमच्या विरुद्ध बोलेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो म्हणाला की सपाट किनाऱ्याला पाणी उथळ आहे, होडी रुतते. धक्का खडकाच्या बाजूला केला तर त्यालाही सोयीचं पडेल. निर्णय टिटवीच्या बोलण्याने फिरला की होडीवाल्याच्या सोयीने, ते मला सांगता येणार नाही. धक्का खडकाच्या बाजूला गेला. शिंपल्यांच्या किनाऱ्याला दोरी लागली आणि अंड्यांच्या दिवसांत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. होडीवाला आता उतारूंना स्वतःच दटावतो, असं ऐकतो.

मांजरं पिंजरे लावून पकडली आणि शहरात माणसांकडे दिली. त्यातलं एक पिवळं, एका डोळ्याने आंधळं मांजर कुणी घेईना. ते टिटवीने घेतलं. आमच्या पिल्लांवर पोसलेलं मांजर टिटवीच्या मांडीवर! मला आधी राग आला. मग वाटलं, घरात कुणीतरी आवाज करणारं असलेलं बरं.

आमच्या जातीला नाव मिळालं, शास्त्राच्या पुस्तकात नोंद झाली, आणि मी झालो मूळ नमुना. म्हणजे यापुढे जगात कुठेही ‘हा तोच पक्षी का’ असा प्रश्न निघाला तर तो माझ्याशी ताडून बघायचा. मोठा मान आहे म्हणतात. या मानामुळे मला फळीवरून सोडवून आडवं केलं आणि या पोलादी कपाटात कुलूपबंद ठेवलं. उजेडाने पिसांचा रंग उडतो, म्हणून उजेड बंद. हात लागून पिसं झडतात, म्हणून हात बंद. तळघरातल्या खोक्यात मी कुणालाच नको होतो आणि आता सगळ्यांना इतका हवा आहे की कुणी भेटत नाही. अंधार दोन्हीकडे सारखाच.

टिटवी एकदा भेटायला आली होती, काठी टेकत. भिंगवालीने संचालकांची परवानगी काढून खण उघडला. टिटवी थोडा वेळ उभी राहिली. फुंकर घालायला ओठ पुढे केले, पण भिंगवालीने हलकेच तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओल्या श्वासाने पिसं खराब होतात. टिटवी म्हणाली, “बरं, बरं,” आणि मागे सरली. त्या दिवशी ती फारसं बोलली नाही. मांजर आता अंथरुणात झोपतं एवढं मात्र सांगितलं.

ती गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. कपाटातल्या नमुन्याला असं सांगायची पद्धत नसते. पण नंतर कधीतरी भिंगवालीने खण उघडला तेव्हा तिच्या स्वेटरच्या बाहीवर मांजराचे पिवळे केस चिकटलेले होते. त्यावरून मी समजलो की टिटवी गेली आणि तिच्या मागे तिच्या मांजराला भिंगवालीने घरी नेलं. भिंगवालीने माझ्याकडे बघितलं आणि डांबरगोळ्या बदलून निघून गेली.

तर सध्या असा आहे मी. बेटावर माझी माणसं आहेत, चुकलो, माझे पक्षी आहेत. दर हंगामाला थोडे वाढतात असं दोन कर्मचाऱ्यांना कपाटासमोर बोलताना ऐकलं. त्या पक्ष्यांना मी माहीत नाही. माझ्या नावावर ते जगतायत हेही त्यांना माहीत नाही, आणि असायचं कारणही नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली. भिंगवालीने हा खण लावताना माझ्या शेजारी पांढरा कापूस अंथरून जागा ठेवली आहे. एखादा पक्षी वादळात मेला, किनाऱ्याला लागला, तर तो तिथे यायचा. शास्त्राला एकापेक्षा जास्त नमुने लागतात. इतकी वर्षं मी सोबतीसाठी झुरलो आणि आता सोबतीची जागा हातभर अंतरावर तयार आहे. कुलपात किल्ली फिरली की माझ्या कापसाच्या छातीत धस्स होतं. खण उघडतो. कुणीतरी धूळ बघतं, गोळ्या बदलतं. शेजारचा कापूस तसाच पांढरा असतो. खण बंद होतो.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं. ती जागा भरू देऊ नका. मला आपलं एकटंच राहू द्या.